त्रिकोणी घडी

३ मार्च, सोमवार

पोहोचलो एकदाचा. दोन बॅगा, एक छत्री आणि निघताना ताईने बळंच हातात कोंबलेला बिस्किटांचा डबा एवढा लवाजमा घेऊन दुपारी वाचनालयाच्या पायऱ्या चढलो, तर स्वागताला चौघं उभे. एका लेखकाच्या स्वागताला चौघं! माझ्या पुस्तकाच्या प्रकाशनाला ताई आणि प्रकाशक धरून सहा जण होते, आणि त्यातला एक पंखा दुरुस्त करायला आला होता.

काम म्हटलं तर काम, नाहीतर चैन. वर्षभर वाचनालयाच्या वरच्या खोलीत राहायचं आणि कथा लिहायच्या. बुधवारी आणि शनिवारी दुपारी चारला खालच्या दालनात इथलं कथामंडळ जमतं, त्यांच्यापुढे लिहिलेलं वाचायचं. मंडळ म्हणजे हेच चौघं. एक ग्रंथपालबाई. त्यांना सगळे नुसतं बाई म्हणतात. साठीच्या, हळू बोलणाऱ्या, बोलता बोलता समोरच्याच्या कॉलरवरचा धागा काढणाऱ्या. दुसरे चष्मेवाले, समोरच दुकान आहे त्यांचं. हात मिळवायच्या आधीच त्यांनी माझा नंबर ओळखला, उणे नऊ, आणि तो बरोबर निघाला. तिसरे सुतारकाका, कानावर पेन्सिल. चौथ्या नर्समावशी, निवृत्त आहेत म्हणे, पण माझी जड बॅग उचलून माझ्याआधी जिना चढल्या.

खोली झकास आहे. मोठं टेबल, गजांची खिडकी, खिडकीतून फाटक आणि रस्त्याचं वळण दिसतं. जमीन लाकडी. टेबलाखालच्या फळीतली एक गाठ निखळून पडली आहे, त्या भोकाला कान लावला की खालच्या दालनातला शब्द न् शब्द ऐकू येतो. लेखकाला आणखी काय हवं! वर छोटा पोटमाळा आहे. तिथे बॅगा ठेवताना एक बायकी पिशवी सापडली. आत कंगवा, घडी घातलेला रुमाल आणि गोळ्यांचं अर्धं पाकीट. आधीच्या लेखकाची आई भेटायला आली होती, तिची असेल, असं बाई म्हणाल्या. राहू दे तिथेच, म्हणाल्या.

मोबाइल त्यांनी खाली ड्रॉवरमध्ये ठेवून घेतला. लिहिणाऱ्या माणसाला तो कशाला, असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते पटलं. ताईला पत्रं लिहीन.

ही वहीही ताईचीच. तिचं एक ठाम मत आहे की माझी गोष्ट म्हणजे निघतो निघतो म्हणत दारात तासभर उभा राहणारा पाहुणा. म्हणून रोज लिही, पण थोडक्यात लिही, असं बजावून तिने ती दिली. आई-वडील गेले तेव्हा मी सात वर्षांचा होतो, ती एकोणीस. तिने मला वाढवलं, आणि मी तिची परतफेड अशी केली की एकूण एक कथेत तिला घातलं. कधी शेजारीण केली, कधी डॉक्टरीण, एकदा तर स्टेशनमास्तर. तुझ्या गोष्टींतून मला कधी सुट्टी मिळणार, असं ती नेहमी विचारते.

४ मार्च, मंगळवार

कपाटात मंडळाची वार्षिकं आहेत. दर वर्षी एक, कापडी बांधणीचं, त्या त्या लेखकाच्या हस्ताक्षरातलं. सकाळपासून गेल्या वर्षीचं वाचतोय. सुरुवातीच्या कथा माझ्यासारख्याच आहेत, खोटं कशाला बोलू. सगळीकडे त्याची आई. आईचे हात, आईची शिवणाची पेटी, आईचा खोकला. वाचणाऱ्यालाच खोकला यावा.

आणि अर्ध्यावर गंमत होते. अक्षर एकदम बिघडतं, नुसते कोंबडीचे पाय, पण कथा! कथा अशा वर चढतात की मी दोनदा उठून खोलीत फेऱ्या मारल्या. फापटपसारा नाही, आई नाही, एक शब्द जास्त नाही. आणि शेवटची कथा तर वाक्याच्या मधेच तुटते. 'दार उघडलं तेव्हा तिने माझ्याकडे', आणि बस. पुढे कोरं पान.

असा शेवट करायला छाती लागते. हे मी ढापणार आहे, इथेच लिहून ठेवतो.

हा माणूस आता कुठे असतो, असं बाईंना विचारलं. त्यांचं वर्ष संपलं, आता तुमचं, असं म्हणून त्यांनी मला चहा दिला.

८ मार्च, शनिवार

पहिली बैठक; बुधवारची मला रुळायला म्हणून सोडली होती. मी माझी जुनी एक कथा वाचली. चौघांनी मन लावून ऐकली. मग सुतारकाका म्हणाले की लाकूड चांगलं आहे, पण तासायला हवं. नर्समावशींनी विचारलं की ती डॉक्टरीण म्हणजे तुमची बहीण ना? चोरी पकडल्यासारखा हसलो.

मग विषय निघाला अटींचा. कथेला अट घातली की ती धावते, हे माझं आवडतं पालुपद. कॉलेजातल्या पोरांना मी हेच शिकवायचो: मोकळ्या रानात पाणी पसरतं, पाटात घातलं की वाहतं. चौघांचे डोळे असे चमकले की मला माझीच कीव आली, इतके दिवस चुकीच्या लोकांना शिकवत होतो. बाई म्हणाल्या की फार पूर्वी इथला एक लेखक जिन्यावरून पडून पाय मोडून बसला. तोवर नुसत्या पाट्या टाकत होता. तीन महिने खोलीत पडला आणि असं लिहिलं की मंडळी अजून नाव काढतात. तेव्हापासून मंडळाची खात्री आहे की लेखक मोकळा सोडला की वाया जातो. पडला की पाडला, असं मी गमतीत विचारलं. सगळे हसले. सुतारकाका जरा जास्त वेळ हसले.

तर मंडळाची पद्धत अशी की नवीन लेखकाने वर्षाच्या सात अटी आपल्या हाताने लिहायच्या. सात चिठ्ठ्या, प्रत्येकीखाली सही, आणि बटणांच्या जुन्या डब्यात टाकायच्या. मला वाटलं मंडळींचा अभ्यास घ्यायचाय. मग काय, आव आणून एका दमात सात लिहिल्या. डोळ्यांना दिसलेलं काही नको. नायक खोलीबाहेर पडत नाही. उजवा हात वापरायचा नाही. कोणी बोलत नाही. भूक आहे, अन्न नाही. सातवी म्हणून ती ढापलेली घातली: शेवटचं वाक्य अपुरं.

सहावी जरा मनापासूनची होती. ज्याच्यावर सगळ्यात जास्त जीव आहे, त्याच्याशिवाय. ती लिहिताना ताई आठवली, आणि हातांनी आपोआप त्रिकोणी घडी घातली. लहानपणी तिच्यावर रुसलो की दाराखालून चिठ्ठी सरकवायचो, तशी. बाकी सहा चौकोनी.

सगळे फार खूश झाले. नर्समावशींनी तर डबा छातीशी धरला.

१२ मार्च, बुधवार

माझा गैरसमज झाला होता. मंडळी लिहीत नाहीत, मंडळी ऐकतात. ज्याच्या चिठ्ठ्या, त्यानेच उचलायच्या आणि त्यानेच पाळायच्या. आपलेच दात आणि आपलेच ओठ! मी मनापासून हसलो आणि डब्यात हात घातला.

डोळ्यांना दिसलेलं काही नको, ही निघाली. चष्मेवाले उठले आणि त्यांनी अगदी अदबीने, दोन बोटांनी, माझा चष्मा काढून घेतला. मखमली डबीत ठेवला आणि डबी खिशात. म्हणाले, खोटं लिहिलेलं आम्हाला लगेच कळतं हो, खरंच दिसत नसेल तर खरंच उतरेल.

उणे नऊ म्हणजे नाकासमोरचं दिसतं, बाकी सगळं धुकं. वहीवर नाक टेकवून लिहितोय. पण काय सांगू, मजा येते आहे. जिन्याच्या सातव्या पायरीला वेगळा आवाज आहे, हे मला दहा दिवसांत कळलं नव्हतं. बाईंच्या बांगड्या आणि नर्समावशींची पावलं आता न बघता ओळखतो.

१५ मार्च, शनिवार

कथा झाली. फक्त आवाज आणि वास. वाचून संपली तेव्हा बाई रडत होत्या, आणि चष्मेवाल्यांनी टेबलावर बोटांनी हळूच टाळी वाजवली. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी लिहिलं आहे. हे मी नम्रपणे वगैरे सांगत नाही, मला नाचावंसं वाटतंय.

मग मी चष्मा मागितला. बाई म्हणाल्या की अट सुटत नसते, तिच्यावर पुढची बसते. नाहीतर तिला अट कोण म्हणेल?

मी जरा चिडलो. पण पुन्हा डबा पुढे आला, टाळ्यांची ऊब अजून अंगात होती, उचलली. खोलीबाहेर पडायचं नाही. सुतारकाका माझ्या मागोमाग वर आले आणि दाराची आतली मूठ पेचकसाने काढून घेऊन गेले. कडी बाहेरून. त्यांचं काम बघत बसावं असं असतं, एक पेच वाकडा जात नाही. जाताना म्हणाले, तुम्ही लिहा निवांत, जिना मी बघतो.

नाटकी लोक आहेत झालं. चार दिवसांचा प्रश्न आहे.

१७ मार्च, सोमवार

ताईचं पत्र. बाईंनी वर आणून दिलं, फोडलेलं होतं. ताई ३० तारखेला, रविवारी, दिवसभरासाठी येते आहे. पिवळी साडी नेसून येते म्हणजे तुझ्या आंधळ्या डोळ्यांनाही लांबून दिसेन, असं लिहिलंय. तिला चष्म्याचं मी कळवलं नव्हतं. तिची नेहमीची थट्टा आहे ती.

खोलीतली कथा भराभर लिहून होते आहे. भिंतीवर एवढं लिहिण्यासारखं असतं?

१९ मार्च, बुधवार

डाव्या हाताने लिहितोय. वेळ लागतो.

आज मला खाली नेलं नाही, मंडळच वर आलं. कथा वाचली. आधीचीपेक्षा चांगली झाली आहे, हे मलाही कळत होतं. मग डबा. उजवा हात निघाला. मी म्हणालो ठीक आहे, खिशात घालून बसतो. नर्समावशींनी बादली आणलीच होती. प्लास्टर.

मी ओरडलो, उठलो. सुतारकाकांनी मागून माझा कोपर धरला. जोर लावून नाही, रंधा मारताना फळी धरतात तेवढाच. पण हलता येईना. बाईंनी माझी चिठ्ठी माझ्या नाकासमोर धरली. अक्षर माझं, सही माझी. नर्समावशी पट्ट्या गुंडाळत होत्या आणि सांगत होत्या की चाळीस वर्षांत माझं एक प्लास्टर सैल गेलं नाही.

बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत. खाज सुटली आहे.

कपाटातलं वार्षिक काढलं. कोंबडीचे पाय. मी त्यावर हसलो होतो. त्या अक्षराच्या पुढे एकाही पानावर त्याची आई नाही. आणि पोटमाळ्यावर ती पिशवी आहे. तिच्यातल्या गोळ्या हृदयाच्या आहेत, आज पाकीट डोळ्याला लावून वाचलं. अशा गोळ्या कोणी विसरून जात नाही.

चार चिठ्ठ्या उरल्या. त्रिकोणी त्यांच्यात आहे. आज डब्यात बोटांना लागली होती. मी ती बाजूला सारली. यापुढेही सारीन.

२० मार्च, गुरुवार

ताईला लिहिलं: येऊ नकोस. डाव्या हाताने, दोन पानं. पोलिसांना घेऊन ये असंही लिहिलं. नर्समावशी थाळी घेऊन आल्या तेव्हा दिलं. दुसरं कोण आहे?

दुपारी परत आलं. बाईंनी लाल शाईने दुरुस्त करून पाठवलंय. अर्धं पत्र कापलंय. समासात: इथे लांबतंय. इथे भावना सांगू नका, दाखवा.

२१ मार्च, शुक्रवार

खिडकीतून ओरडलो. फाटकाशी काहीतरी खाकी हललं, बहुतेक पोस्टमन. बाईंचा आवाज आला: लेखक आहेत हो, नाटकाची तालीम करतायत. तो हसला. मला टाळी वाजवून दाखवली बहुधा.

२२ मार्च, शनिवार

कथा वाचली. डाव्या हाताने लिहायचं तर शब्द निवडून घ्यावा लागतो, फालतू शब्दाला मेहनत कोण करणार. म्हणून ती चांगली झाली. त्यांचं बरोबर आहे, हीच भीती वाटते.

डबा. त्रिकोणी बाजूला सारली. निघाली: कोणी बोलत नाही.

जबडा मोडल्यावर वरचे-खालचे दात तारेने एकमेकांना बांधतात. नर्समावशींना ते येतं. चष्मेवाल्यांनी चिमटा दिला. त्यांचा चांगला असतो, बारीक.

२४ मार्च, सोमवार

पातळ काहीतरी नळीने पितो. बाई कॉलरवरचा धागा काढतात. बोलत नाहीत त्याही. कोणीच नाही. अट सगळे मिळून पाळतात.

रविवारला सहा दिवस.

न बोलता दोन माणसांचं भांडण. पूर्ण भांडण, फक्त भांड्यांच्या आवाजात. माझ्यातून निघालं हे. कुठे होतं इतकी वर्षं—

२६ मार्च, बुधवार

बाईंनी वाचली, मी नाही. मी ऐकली. चांगली आहे. देवा, चांगली आहे.

डबा. तीन. त्रिकोणी सारली. भूक.

आता फक्त पाणी.

जाताना बाईंनी आज नियम सांगितला, बोलून. दोन उरल्या की सांगायचा असतो म्हणे. 'अपुरं वाक्य' निघालं की वर्ष संपलं. लेखक संपला. मग डब्यात जी चिठ्ठी राहील ती न उघडता जाळायची.

म्हणजे शनिवारी मी चौकोनी उचलली तर त्रिकोणी जळेल. रविवारी ताई येईल, ते म्हणतील भाऊ गाव सोडून गेला, ती रडेल, परत जाईल. जिवंत.

सोपं आहे. दोन घड्या. आंधळ्यालाही कळतील.

२७ मार्च, गुरुवार

ठरलं. चौकोनी. लिहून ठेवतो म्हणजे फिरणार नाही: चौकोनी, चौकोनी.

सात वर्षांचा असताना माझा ताप उतरेना तेव्हा ती तीन दिवस बसून होती, भिंतीला टेकून. डोळा लागू नये म्हणून उभ्याने जेवायची. तिच्यासाठी एवढं तर—

भुकेची कथा होते आहे. नीट होते आहे. पोटात काही नसलं की डोकं धुतल्यासारखं होतं.

२९ मार्च, शनिवार

भुकेची वाचली. बाई वाचताना दोनदा थांबल्या, त्यांच्याने पुढे जाववेना. सुतारकाकांनी कानावरची पेन्सिल काढून हातात धरली आणि नुसते बसून राहिले. एवढं कोणी कोणाला ऐकत नाही जगात. कोणालाच नाही.

पाच कथा. अठरा दिवसांत पाच. पंधरा वर्षांत एक धड नव्हती.

डबा. डावा हात. दोन्ही बोटांखाली. चौकोनीचे कोपरे चार. त्रिकोणीचे तीन, एक जरा दबलेला.

आणि सहावी सुचली. हात डब्यात असताना. तिच्याशिवायची कथा. माझ्या आयुष्यातून ती काढली तर जे भोक राहील, ते. नुसतं भोक, कडा न् कडा. पहिलं वाक्य आलं, त्याच्यामागून दुसरं उभं.

मला अजून एक लिहायची होती.

मनाशी म्हणालो, ते तिला फाटकावरूनच परत पाठवतील. मनाशी म्हणालो, पिशवी कोणाचीही असेल. मला माहीत होतं. लिहून ठेवतो, मला माहीत होतं.

तीन कोपरे.

३० मार्च, रविवार

दोन पानं झाली. सकाळी नर्समावशी ती खाली घेऊन गेल्या.

अकराला फाटकाशी पिवळं.

गज धरले. तारेतून आवाज निघतो, जनावरासारखा, फाटकापर्यंत जात नाही. पिवळं आत आलं. पायऱ्या. ती ओळखते पायऱ्या, घाईने चढते नेहमी.

भोकाला कान लावला. विचारत होती, कुठे आहेत आमचे साहित्यिक? बाई म्हणाल्या, कथेच्या ऐन मध्यावर आहेत, तासभर थांबता का. ती म्हणाली, त्याच्यासाठी थांबण्यातच माझा जन्म गेलाय, तासाचं काय घेऊन बसलात. खुर्ची ओढली. बिस्किटांचा डबा आणला होता, तो टेबलावर ठेवला.

मग बाईंनी तिला ती दोन पानं वाचून दाखवली.

ती हसली मधेच. म्हणाली, अगं बाई, यात मी कुठेच नाही! सुटले एकदाची! मग नाक शिंकरलं. मग म्हणाली, खूप चांगलं लिहिलंय हो. त्याला सांगा, ताई म्हणाली थोडक्यात लिहायला शिकला.

नर्समावशींनी विचारलं, चहा घेता ना.

मी प्लास्टरचा हात वर उचलला. जमिनीवर एक आपटला असता तरी तिला कळलं असतं. एक. कप ठेवल्याचा आवाज आला नव्हता अजून. वेळ होता.

आणि तेव्हा पुढचं वाक्य आलं. जे रात्रभर अडलं होतं ते. गेलं की परत येत नाही, मला माहीत आहे. म्हटलं आधी वाक्य, मग आपटतो. डाव्या हाताने वेळ लागतो.

लिहिलं. त्याच्यामागून आणखी एक होतं.

मग आपटला. खूप आपटला. खालून चष्मेवाल्यांचा आवाज, सावकाश: झालं आता, हात दुखवून घेऊ नका.

३१ मार्च, सोमवार

पोटमाळ्यावर दोन पिशव्या आहेत.

बाईंनी कॉलरवरचा धागा काढला. म्हणाल्या, वाईट वाटून घेऊ नका. ती चिठ्ठी सगळेच ओळखीची करून ठेवतात. तुम्ही त्रिकोणी घातलीत, आधीच्यांनी कोपरा फाडला होता, त्याच्या आधीच्यांनी शाईचा ठिपका. सगळे ती शेवटपर्यंत जपतात, आणि शेवटी तीच उचलतात. इतक्या वर्षांत एकानेही दुसरी उचलली नाही. आम्ही मात्र दर वेळी वाट बघतो.

मग विचारलं, झाली का?

झाली. सगळ्यात चांगली झाली आहे.

२ एप्रिल, बुधवार

एक उरली. तिला हात घालायचीही गरज नाही.

ही वहीसुद्धा वार्षिकात बांधणार आहेत. बाईंनी कापड दाखवलं, डोळ्यांना लावून. पिवळं.

तिच्याशिवाय लिहायचं, ही अट अजून आहे, अटी सुटत नाहीत. मोडतो. ताई. ताई. ताई. सायकल शिकवताना मागून धरून पळायची, आणि हात सोडला की ओरडून सांगायची, सोडला रे, घाबरू नकोस, बघतेय मी—

सातवी पायरी वाजली. चौघं. सुतारकाका पुढे.

एवढंच लिहायचं आहे, बाकी काही नको. ती खाली हसली तेव्हा माझा हात वर होता, वेळ होता, आणि मी तो